पणजोबांची दोन पदकं आणि कुतचा वेढा

आजचा भाग जरा घरचा आहे. इअरफोन लावलेत ना? चला तर मग.

आमच्या घरात एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझे पणजोबा, म्हणजे आबांचे वडील, पहिल्या महायुद्धात होते. आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, टायग्रिस नदीच्या वळणावर कुत नावाचं गाव आहे. तिथं तुर्की फौजेनं इंग्रजांच्या पलटणींना वेढा घातला. आत पणजोबा. धान्य संपलं, घोडे कापायची वेळ आली, पण पणजोबांनी ते मांस तोंडाला लावलं नाही. मग कैद, मग वाळवंटातली पायपीट, आणि शेवटी गावी परत. सरकारनं म्हणे व्हिक्टोरिया क्रॉस दिला!

साताऱ्याकडच्या खूप घरांत अशी एखादी गोष्ट असते. ती कुणी तपासत नाही. मीही तपासली नसती.

झालं असं, की दिवाळीच्या साफसफाईत आत्याला देवघराच्या फडताळात एक डबी सापडली. आत एक पिवळट गोल पदक. आत्यानं काय करावं? चिंच लावून घासलं, देवाच्या तांब्यासारखं लख्ख! मी कपाळावर हात मारला, आणि का मारला ते पुढं सांगतो.

पदकावर पंख असलेली एक बाई उभी आहे. मागं इंग्रजीत लिहिलंय, संस्कृतीसाठीचं महायुद्ध, १९१४ ते १९१९. हा व्हिक्टोरिया क्रॉस नाही. हे व्हिक्टरी मेडल, विजय पदक. प्रत्यक्ष युद्धभूमीवर गेलेल्या लाखो सैनिकांना ते मिळालं. व्हिक्टरी आणि व्हिक्टोरिया, ऐकायला सारखंच. शंभर वर्षांत एका शब्दाचा दुसरा झाला, एवढंच. गोष्टीचा पहिला खांब तिथंच पडला.

पण खरी गंमत पदकाच्या कडेवर होती. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला, कॅमेरा झूम केला, तर बारीक अक्षरं दिसली. नंबर, मग शिपाई, मग पणजोबांचं नाव, साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, आणि शेवटी ११७ मराठा. म्हणजे ११७वी मराठा पलटण. म्हणून सांगतो, पदक कधीही घासू नका. चिंच नको, पितांबरी नको. ती कडच तुमच्या माणसाचा कागद आहे. ती झिजली की माणूस गेला.

आता ११७वी मराठा पलटण कुतला होती का? होती. पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. तिन्ही वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. घोड्याचं मांस खायला बऱ्याच हिंदी शिपायांनी कितीतरी दिवस नकार दिला, हेही खरं. म्हणजे गोष्ट जुळली! मी आबांना तसा फोन करणारच होतो.

पण मग तारखा मांडल्या. डिसेंबर १९१५ मध्ये जो कुतच्या आत होता, तो १९१५ संपायच्या आधी युद्धभूमीवर पोचलेला होता, बरोबर? अशा सैनिकाला आणखी एक पदक मिळायचं. चार टोकांचा ब्राँझचा तारा, त्यावर दोन तलवारी आणि १९१४-१५ ही वर्षं. कुतच्या शिपायाची तीन पदकं हवीत. तारा, चांदीचं युद्ध पदक आणि हे व्हिक्टरी.

आमच्याकडं उरलंय एक. चांदीचं कुठं गेलं ते आबांना ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात सोनाराकडं गेलं, त्याचं धान्य आलं. आणि तारा? आबा म्हणाले, "तारा? असलं काही मी बघितलं नाही रे."

मग भिंतीवरचा फोटो उतरवला. पणजोबा, डोक्याला फेटा, अंगात कोट. काच पुसली. छातीवर दोन पदकं. दोन्ही गोल.

शंभर टक्के पुरावा म्हणत नाही मी. पण फोटोला बसताना माणूस सगळी पदकं लावतो, एक घरी ठेवून येत नाही. म्हणजे पणजोबा १९१५ नंतर तिकडं गेले असणार. कुतच्या आत ते नसणार.

बाकी कागद शोधले. एका कार्यालयाला पत्र लिहिलं, उत्तर आलं, "नोंद उपलब्ध नाही." गावच्या वेशीजवळ इंग्रजांनी लावलेली संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर दोन आकडे. गावातून किती गेले, आणि त्यातले किती मेले. नाव एकही नाही. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, तिथंही तेच. गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. पणजोबा जिवंत परत आले म्हणून त्यांच्या नावाचं पदक तरी आहे.

आता आबांना सांगायचं कसं? चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यभर ही गोष्ट छाती फुगवून सांगितलेली. दोन आठवडे मी टाळलं. शेवटी गावी गेलो, ओसरीवर बसून सगळं सांगितलं. आबा बराच वेळ गप्प. मला वाटलं, दुखावले.

मग म्हणाले, "बाबा कधी 'मी' म्हणायचेच नाहीत रे. 'आमची पलटण उपाशी होती' म्हणायचे. 'मी' आम्ही पोरांनी घातला."

मी सुन्न झालो. कारण हे इतिहासाशी जुळतं. वेढ्यातल्या पलटणींसाठी मागून पाठवलेली माणसं आत पोचूच शकली नाहीत. ती बाहेर राहिली, आणि त्यांच्यातली कितीतरी सोडवायला निघालेल्या फौजेत गेली. त्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. आणि कुत सुटलं नाहीच. पणजोबा त्या फौजेत होते का? आज माझ्याकडं उत्तर नाही. पण ज्या पलटणीचं नाव त्यांच्या पदकावर आहे, तिची जुनी माणसं आत उपाशी होती. त्यांचं दुःख ते घरी घेऊन आले. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

तुमच्या घरी असं पदक असेल तर चार गोष्टी करा. घासू नका. कडेचा फोटो काढा. पलटणीचा नंबर मिळाला की दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' उघडा, तिथं जुने सरकारी कागद घरबसल्या शोधता येतात. माणूस परत आला नसेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या साइटवर नाव टाका, आणि स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाका. आणि सगळ्यात आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, की ते नेमकं काय म्हणायचे. 'मी' की 'आम्ही'?

पदक आता पुन्हा डबीत आहे. सोबत मी एक चिठ्ठी ठेवलीय. नंबर, नाव, पलटण, आणि खाली एक ओळ: कुतच्या आत नव्हते, पण त्यांची पलटण होती.

तुमच्याकडची गोष्ट व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!