बालगंधर्व पडद्यावर गेले तेव्हां

नट चित्रपटांत गेला, यांत आज कोणाला नवल वाटत नाहीं. रंगभूमीवरील मनुष्य दिवसा चित्रीकरण करतो, रात्रीं नाटकाला उभा राहतो, आणि प्रेक्षक दोन्हीकडे त्याच्या मागें जातात. १९३५ सालीं मात्र बालगंधर्व सिनेमांत गेले ही बातमी महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत, सासरीं नांदणाऱ्या मुलीचें कांहीं बिनसल्याचें कळावें, तशी आली. कोणी ती खरी मानीना. कोणी संतापले. कोणी म्हणाले, बरें झालें, एकदांचे सुटले. हा वाद दिवाणखान्यांत झाला, तसा माजघरांतहि झाला. आणि दोन्ही पक्षांचे लोक बालगंधर्वांचे भक्तच होते, ही त्यांतली गंमत.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. १९०५ सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत आले आणि शकुंतलेच्या वेषांत लोकांपुढें उभे राहिले. १९११ सालीं ‘मानापमान’ नाटकांतील भामिनी झाली. त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशींच घरीं तान्ही मुलगी वारली असतां त्यांनीं प्रयोग मोडूं दिला नाहीं, ही हकीकत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९१३ सालीं गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढें १९१६ सालीं ‘स्वयंवर’ नाटकांतील रुक्मिणी आली, १९१९ सालीं ‘एकच प्याला’ नाटकांतील सिंधु आली. पदर कसा घ्यावा, नथ कोणती शोभते, मान वळवून कसें पाहावें, हें घरंदाज स्त्रिया त्यांच्याकडून शिकल्या, असें जें म्हणतात त्यांत अतिशयोक्ति थोडी आहे. पुरुषानें स्त्रीवेष घ्यावा हें तेव्हां नवें नव्हतें. परंतु पुरुषाच्या स्त्रीवेषावरून स्त्रियांनीं आपला वेष ठरवावा, हें बालगंधर्वांपूर्वीं क्वचितच घडलें असेल.

गाण्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण वादाचें मूळ तेथें आहे. त्यांचे गुरु भास्करबुवा बखले. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. पद संपलें कीं प्रेक्षागृहांतून ‘वन्स मोअर’चा पुकारा व्हावा आणि त्यांनीं तेंच पद पुन्हा घ्यावें. पुन्हा घेतांना तें पहिल्यासारखें नसे. एखादी जागा वाढे, एखादी नवीच निघे. नाटक रात्रीं सुरू होऊन पहांटेला उतरे, याचें खापर नाटककारावर फोडण्याचें कारण नाहीं. निम्मी रात्र प्रेक्षकांनीं मागून घेतलेली असे. त्यामुळें बालगंधर्वांच्या गाण्यांत आपलाहि हात आहे असें पिटांत बसणाराला वाटे, आणि तें वाटणें अगदींच खोटें नव्हतें.

आतां दुसरी बाजू. मंडळी म्हणजे एक मोठें कुटुंब होतें. नट, गवई, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, वाढपी, सर्वांचें पोट एका गळ्यावर. त्यांत मालकाचा हात सढळ. भरजरी शालू खरे पाहिजेत, अत्तर खरें पाहिजे, पंगत चांगली पाहिजे. प्रेक्षकाला ‘अन्नदाते मायबाप’ म्हणून हात जोडणाऱ्या या मनुष्याला त्या मायबापांपुढें कांहींहि हलकें ठेवणें पसंत नव्हतें. कर्जाची पाळी याआधींहि येऊन गेली होती आणि एकदां तें फेडलेंहि होतें. मग बोलपट आले. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस ‘आलम आरा’ झळकला. १९३२ सालीं प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यांत हरिश्चंद्र होते बालगंधर्वांचे जुने भागीदार गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. चार आण्यांत गाणें, देखावे आणि खरीखुरी स्त्री दिसूं लागल्यावर रात्रभर जागून दोन-तीन रुपयांचें नाटक कोण पाहणार? नाटकगृहांचीं सिनेमागृहें झालीं. १९३३ च्या जुलैमध्यें ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक आणलें, तेव्हां रंगभूमीवरहि स्त्रीच्या भूमिका स्त्रियाच करूं लागल्या. ज्या कामावर मंडळी उभी होती, त्या कामाची गरजच कमी होत चालली. अशा वेळीं बालगंधर्वांनीं प्रभातशीं भागीदारी केली.

प्रभात कंपनी १९३३ सालीं कोल्हापूरहून पुण्यास आली होती. तिच्या नांवाला प्रतिष्ठा होती, कामांत शिस्त होती. दिग्दर्शक शांताराम, संगीत मास्तर कृष्णरावांचें. म्हणजे गंधर्व मंडळींतलाच माणूस. याहून चांगला उंबरठा बालगंधर्वांना मिळाला नसता. तरीहि वाद झाला.

एक पक्ष म्हणे कीं, देवळांतला देव मिरवणुकीला काढतात तोहि पालखींत बसवून, आणि पुन्हा देवळांत आणतात. येथें तर देव बाजारांत मांडला. शिवाय दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत मंडळीनें १९३४ सालीं ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढून हात पोळून घेतल्याचें ताजें उदाहरण होतें. या पक्षाचा सर्वांत मोठा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. बालगंधर्व पडद्यावर पुरुष होणार होते. ज्यांची रुक्मिणी पाहिली, त्यांचा एकनाथ पाहावयाचा, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

दुसरा पक्ष व्यवहार जाणणारा. त्याचें म्हणणें साधें होतें. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाकडून षोडशवर्षीय नायिकेची अपेक्षा किती दिवस धरावयाची? टाळी आपण वाजवितों, व्याज ते भरतात. देवाला मिरवूं नका म्हणणारांपैकीं कितीजण मंडळीच्या कर्जांत वांटा उचलतील?

या दोन पक्षांत न मोडणारा एक तिसरा श्रोता होता आणि त्याचें मत कोणी विचारलें नाहीं. भोर तालुक्यांतील भोंगवलीसारखें एखादें गांव घ्या. पुण्याला नाटकाला जाऊन येणें म्हणजे शेतावरील दोन दिवसांचा खाडा, शिवाय तिकीट, शिवाय रात्रीच्या मुक्कामाची सोय. अशा गांवीं बालगंधर्व पोंचले ते ध्वनिमुद्रिकेवर. गांवांत एखाद्याच्याच घरीं फोनो असावा, ओसरीवर आठदहा माणसें जमावीं, आणि तीन-साडेतीन मिनिटांत पद संपावें. त्यांना रुक्मिणी कशी दिसते तें ठाऊक नव्हतें. त्यांना आवाज तेवढा ठाऊक होता. त्या श्रोत्याच्या दृष्टीनें बालगंधर्व पडद्यावर गेले म्हणजे खालीं उतरले नाहींत, जवळ आले. तालुक्याच्या गांवीं, जत्रेच्या तंबूंत, आज ना उद्यां ते दिसण्याची आशा उत्पन्न झाली. नाटकगृहाच्या जवळ राहणारांना जें पावित्र्य वाटत होतें, त्यांत गाडीच्या रस्त्याचा भाग किती होता, हें पाहावयाचें तर भोंगवलीहून पाहिलें पाहिजे.

चित्रपट १९३५ सालीं आला. विषय मोठा धाडसाचा होता. एकनाथ अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीं जेवतात, आणि त्यापायीं पैठणचे ब्राह्मण त्यांना वाळींत टाकतात. आधीं नांव ‘महात्मा’ ठेवलें होतें. त्या दिवसांत त्या शब्दानें गांधीजीच डोळ्यांपुढें येत, म्हणून सरकारी परीक्षकांनीं हरकत घेतली आणि ‘धर्मात्मा’ झालें. या विषयावर वाद झाला असता तर तो शोभला असता. परंतु बालगंधर्वांच्या चाहत्यांतील वाद एकनाथांच्या पंक्तीवर झाला नाहीं, बालगंधर्वांच्या धोतरावर झाला. हें लिहून ठेवण्यासारखें आहे.

चित्रपट वाईट होता काय? नव्हता. परंतु बालगंधर्व त्यांत सुखी नव्हते, हें जाणवल्याशिवाय राहत नाहीं. त्यांचा सारा जन्म समोरच्या माणसांवर गाण्यांत गेला. येथें समोर दिव्यांचा झोत आणि एक यंत्र. गाणें तुकड्यांत, अभिनय तुकड्यांत, आणि पद संपल्यावर शांतता. ज्याला ‘वन्स मोअर’वर पद फुलविण्याची तीस वर्षांची संवय, त्याला एकदां उतरलेलें पद कायमचें तसेंच राहणार ही गोष्टच परकी. पहिल्या पक्षाला हें नेमकें सांगतां आलें नाहीं. तो वेषावर अडून बसला. खरें दुखणें श्रोता नाहीसा होण्याचें होतें. एका चित्रपटानंतर भागीदारी संपली.

पुरुषवेष हेंच कारण होतें असें ज्यांना अजून वाटतें, त्यांनीं पुढच्याच वर्षाचें उदाहरण पाहावें. १९३६ सालीं त्याच प्रभातनें ‘संत तुकाराम’ काढला. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस, आणि पागनीसहि रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. तो चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत नांवाजला गेला. पागनीसांना पाहावयास येणारा प्रेक्षक त्यांच्या जुन्या नायिका मनांत घेऊन येत नव्हता. त्याला तुकाराम पाहावयाचा होता, तो दिसला. बालगंधर्वांच्या एकनाथाकडे पाहणारा मात्र डोळे किलकिले करून रुक्मिणी शोधीत बसला. यांत नटाचा दोष किती आणि पाहणाराचा किती?

मग झालें असें कीं, चाहत्यांच्या मनासारखें घडलें. १९३७ सालीं बाबूराव पेंटरांनीं ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट केला. मंडळीच्याच ‘अमृतसिद्धि’ नाटकावरून. मीराबाई स्वतः बालगंधर्व. लुगडें आलें, पदर आला, भजनें आलीं. आणि तो चित्रपट ‘धर्मात्म्या’हून अधिक पडला. रंगभूमीवर दहा-पंधरा हातांवरून, रंगीत दिव्यांत जें रूप मोहिनी घाली, तें कॅमेऱ्यानें वीतभर अंतरावर आणून ठेवलें, आणि शेजारच्याच सिनेमागृहांत खऱ्या स्त्रिया नायिका होऊन वावरत होत्या. म्हणजे हिशेब असा लागतो कीं स्वतःच्या मनानें, किंवा निदान गरजेनें, केलेल्या चित्रपटांत बालगंधर्व अवघडले; आणि लोकांच्या आवडीचें राखण्याकरितां केलेल्या चित्रपटांत ते हंसें झाले. पहिल्याबद्दल त्यांना बोल लावणारे दुसऱ्याच्या वेळीं फारसे बोलले नाहींत.

बालगंधर्वांचें चुकलेंच नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं. पैशाचा हिशेब त्यांनीं कधीं नीट ठेवला नाहीं, आणि ज्यानें हिशेब ठेवला नाहीं त्याला दुसऱ्याच्या अटींवर घर बदलावें लागतें. कर्ज वेळींच आंवरलें असतें तर कदाचित् प्रभातच्या दारीं जाण्याची वेळच आली नसती. गेले असते तर हौसेनें गेले असते. भक्तीच्या भरांत ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

ते पुन्हा रंगभूमीवर आले. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळींत आल्या. प्रसिद्ध गायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या या बहीण. नायिकेच्या भूमिका त्यांच्याकडे जाऊं लागल्यावर चाहत्यांत नवा वाद सुरू झाला, आणि तो पडद्याच्या वादाहून कडवट होता. त्यांत कलेपेक्षां जातधर्माचाच विचार अधिक झाला, म्हणून तो येथें उकरण्याचें प्रयोजन नाहीं. १९५१ सालीं दोघांचा विवाह झाला. पायांनीं साथ सोडली तरी गाणें थांबलें नव्हतें. १९५५ सालीं संगीत नाटक अकादमीचा सन्मान झाला, १९६४ सालीं पद्मभूषण मिळालें. पुण्यांत त्यांच्या नांवाच्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ सालीं त्यांच्याच हस्ते बसली. तें उघडलें २६ जून १९६८ रोजीं, तेव्हां ते नव्हते. १५ जुलै १९६७ रोजीं त्यांचें निधन झालें होतें.

रुक्मिणी पाहिलेले डोळे आतां उरले नाहींत. भामिनी, सिंधु यांचीं छायाचित्रें आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत, पण चालतां-बोलतां त्यांतलें कांहीं राहिलें नाहीं. उमेदीच्या दिवसांतले बालगंधर्व मान वळवितांना, हात जोडतांना, गातांना पाहावयाचे असतील तर आज मुख्यतः तो वादांत सांपडलेला ‘धर्मात्मा’च लावावा लागतो. नाटकाची रात्र जपणारांनीं जी हरकत घेतली ती चालली असती, तर तेवढेंहि हातीं राहिलें नसतें. आतां भोंगवलीस बसून एखादा मुलगा आपल्या मोबाईलवर तो चित्रपट पाहूं शकतो. आजोबांनीं ओसरीवर ज्यांचा नुसता आवाज ऐकला असेल, त्यांना तो पाहतो, आणि त्याला दिसतात ते पैठणचे एकनाथ. पद आवडलें तर तो बोटानें तें मागें नेतो व पुन्हा लावतो. तें पहिल्यासारखेंच येतें.