उसातला डाग, आकाशातला डोळा
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

२००२ सालचा पावसाळा सांगली-साताऱ्याचे ऊस बागायतदार विसरले नसतील. त्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता आसपासच्या जिल्ह्यांत व कर्नाटकातही पोचला. हा मावा एकदम सगळ्या फडावर येत नाही. सुरुवात चार-दोन बेटांपासून होते. तेवढा डाग वेळीच सापडला तर थोडक्यात निभावतं.

हा डाग विमानातून सापडेल का? आज त्याचाच विचार करू.

निरोगी पान उन्हातला लाल उजेड शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत पाठवतं. पान बिघडलं की हे प्रमाण बदलतं. १९७० च्या सुमारास डॉ. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून खास फिल्मवर नारळबागांची छायाचित्रं घेऊन रोगट झाडं ओळखली, ती याच आधारावर. २०१५-१६ मध्ये इस्रो आणि नासा यांनी भारतात अनेक ठिकाणी विमानातून जे यंत्र फिरवलं, ते तर उजेडाचे चारशेहून अधिक पट्टे वेगवेगळे मोजतं.

हे चित्र चौकोनाचौकोनांचं असतं. चौकोन पाच मीटरचा धरला, तर गुंठ्यात चार बसतात. इस्रोने २०१८ साली सोडलेल्या हायसिस उपग्रहाचा एक चौकोन तीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा! डाग चौकोनाहून लहान असला तरी गणकयंत्र तो हुडकू शकतं. दुधात थोडं ताक पडलं तरी चवीला कळतं, तसंच हे. पण थेंबभरच पडलं तर कळत नाही. शिवाय सावली आणि पाणी साचलेली जागाही फसवते.

आता मुख्य गोष्ट. लोकरी मावा बसतो पानाच्या खालच्या बाजूला आणि विमान बघतं वरून! माव्याचा गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते. वरून दिसतो तो हा काळेपणा. तोवर मावा बळावलेला असतो. म्हणून विमानाने जागा दाखवावी, पण पान उलटायचं काम आपलंच.

तेव्हा एवढं करा:

१. आठवड्यातून एकदा फडात आत शिरा. नुसत्या बांधावरून पाहू नका.

२. पान उलटून मधल्या शिरेजवळ पांढरी लोकर आहे का पाहा. सापडली तर तिथे चिंधी बांधून खूण करा.

३. डिफा, मायक्रोमस, क्रायसोपा हे मित्रकीटक असतील तर फवारणीची घाई करू नका.

४. किडक्या फडातलं बेणं, वाढं वा पाला दुसरीकडे नेऊ नका. युरिया बेताने द्या.

५. कुणी विमानाचा वा ड्रोनचा नकाशा दाखवला, तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा. चौकोन केवढा? आणि जागेवर जाऊन खात्री केली का?

बंधूंनो, डाग चार बेटांचा आहे तोवरच तो आपल्या हातात आहे. उद्या सकाळी फडात एक चक्कर टाकाच.