आमचा संघ हरला त्याची गोष्ट

(२६ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या, १९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं आणि विषय बदलून आले. प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, हे गणिताच्या बाईंना कधी चाललं नाही. त्यांची आधीच माफी मागते. पण त्या विषयावर आपली मुलं माझ्यापेक्षा जास्त बोलतील. मी आज दोन संघांबद्दल बोलणार आहे. एक बेसबॉलचा, एक अमेरिकन फुटबॉलचा. दोन्ही क्लीव्हलंडचे आणि दोन्ही हरण्यात तरबेज. शेवटी थोडं खो-खोबद्दल बोलेन. खरं तर त्यासाठीच आले आहे.

क्लीव्हलंड हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, ईरी सरोवराच्या काठचं शहर. २००६ च्या शेवटी कंपनीच्या कामासाठी मी तिथे गेले. सहा महिन्यांत परतायचं होतं. अठरा वर्षं झाली. पहिला हिवाळा मी फक्त ऑफिस आणि घर यांच्यामध्ये काढला. एप्रिलमध्ये ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने विचारलं, "बेसबॉल बघायला येतेस? एक तिकीट जास्तीचं आहे." हंगामातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता. आम्ही गेलो आणि बर्फ पडायला लागला. मैदान झाडायचं, परत पांढरं व्हायचं, परत झाडायचं. शेवटी सामना रद्द झाला. एप्रिलमध्ये उन्हाने शाळा सकाळची होते अशा गावची मी, बर्फाने बंद पडलेली मॅच बघून परत आले. सहकारी म्हणाला, "क्लीव्हलंडमध्ये तुझं स्वागत असो."

त्या संघाचं नाव तेव्हा होतं 'इंडियन्स'. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "तिथे आपल्या लोकांचा संघ आहे होय?" नव्हता. त्याबद्दल पुढे सांगते.

दोन्ही खेळ एका मिनिटात समजावते. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ. नऊ डाव असतात, आणि सामना अनिर्णित ठेवायची सोय नाही. हंगामात १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज एक. आणि या खेळात दहापैकी तीनदा यशस्वी फटका मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो. उरलेल्या सात वेळा तो खाली मान घालून परत येतो. आपल्याकडे पस्तीस टक्क्यांना पास म्हणायचे. तिथे तिसाला मानाचं पान.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम कमी. चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या भिंतीतून गोलरेषेपर्यंत जायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो. कबड्डीतली धरपकड आठवा, फक्त सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. आमच्या संघाचं नाव ब्राउन्स. साऱ्या लीगमध्ये ज्याच्या हेल्मेटवर कसलंच चिन्ह नाही असा हा एकच संघ.

आता प्रगतिपुस्तक. बेसबॉलचा संघ शेवटचा विजेता झाला १९४८ मध्ये. ब्राउन्स शेवटचे विजेते १९६४ मध्ये. अमेरिका ज्या सुपर बोलसाठी वेडी होते, त्या सामन्यात ते आजवर एकदाही पोहोचलेले नाहीत. १९९५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आपण अकरावीत होतो तेव्हा, मालकाने हंगाम चालू असतानाच जाहीर केलं की संघ बाल्टिमोरला नेतो. गाव पेटून उठलं. शेवटी खेळाडू गेले, पण नाव, रंग आणि जुना इतिहास गावाने ठेवून घेतला. तीन हंगाम नाव होतं आणि संघ नव्हता. १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला आणि पुन्हा हरू लागला.

२०१७ मध्ये तर सोळापैकी सोळा सामने हरले. त्यावर लोकांनी काय केलं असेल? ६ जानेवारी २०१८ ला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, हजारो माणसांनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकारात मिरवणूक काढली. "परिपूर्ण हंगाम" असं तिचं नाव. आणि तेवढ्यात गरजूंना धान्य पुरवणाऱ्या संस्थेसाठी पैसेही जमवले. मी होते त्या मिरवणुकीत. पायांची बोटं बधिर झाली होती आणि हसून हसून पोट दुखत होतं. पुढच्या सप्टेंबरात संघ जिंकला तेव्हा ६३५ दिवस उलटले होते. अनोळखी माणसं रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होती.

बेसबॉलच्या मैदानात एक ढोलवाला होता. जॉन ॲडम्स त्याचं नाव. २४ ऑगस्ट १९७३ ला तो पहिल्यांदा ढोल घेऊन आला, आणि पुढे साडेचार दशकं जवळजवळ प्रत्येक सामन्याला सर्वांत मागच्या स्वस्त बाकांवर बसून तो वाजवत राहिला. दोन तिकिटं काढायचा, एक स्वतःचं आणि एक ढोलाचं. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या मला त्या आवाजाने पहिल्यांदा त्या गावात घरी असल्यासारखं वाटलं. २०२३ मध्ये तो गेला. एवढी वर्षं वाजवून त्याने संघाला एकदाही अजिंक्यपद मिळवताना पाहिलं नाही. त्याच्या जागेवर आता ब्राँझचा ढोल बसवलेला आहे.

विजेतेपदाच्या सर्वांत जवळ आम्ही आलो २०१६ मध्ये. सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत आम्ही शिकागोविरुद्ध तीन-एक असे पुढे होतो. मग तीन-तीन झाले. सातवा सामना २ नोव्हेंबरच्या रात्री, आमच्याच मैदानावर. आदल्याच दिवशी भाऊबीज झाली होती. माझ्या घरी तोच वयस्कर सहकारी आणि त्याची बायको चकल्या खात बसले होते. आठव्या डावात आम्ही दोन धावांनी मागे. समोर शंभर मैलांच्या वेगाने चेंडू टाकणारा चॅपमन. फलंदाज राजाई डेव्हिस, फटक्यांपेक्षा पळण्यासाठी प्रसिद्ध. त्याने होमरन मारला. बरोबरी! माझ्या सहकाऱ्याच्या हातातली चकली कुठे गेली ते आम्हाला दुसऱ्या दिवशी झाडू मारताना कळलं. नऊ डावांनंतरही बरोबरीच. मग पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ थांबला. दहाव्या डावात शिकागोने दोन धावा केल्या, आम्ही एक. आठ विरुद्ध सात. शिकागो १०८ वर्षांनी जिंकलं, आणि आमची वाट पाहणं पुढे चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांचे डोळे लाल. मी वाट बघत होते की आता कुणाच्या तरी नावाने बोटं मोडतील. अमक्याने हरवलं, तमक्याने घालवलं. तसं कुणी बोललं नाही. मी सहकाऱ्याला विचारलं, "तुम्ही लोक कुणावर चिडत नाही?" तो म्हणाला, "एकदा चिडलो होतो. चूक झाली." आणि त्याने मला अर्नेस्ट बायनरची गोष्ट सांगितली.

१७ जानेवारी १९८८. डेन्व्हरला सामना. जिंकलं तर सुपर बोल. मध्यंतराला ब्राउन्स २१-३ असे मागे. तिथून त्यांनी सामना खेचून आणला, आणि त्यात बायनरचा वाटा सर्वांत मोठा, दोन टचडाऊन त्याचेच. शेवटचं मिनिटभर उरलं असताना, ३८-३१ अशी स्थिती असताना, तो बरोबरी साधायला निघाला आणि गोलरेषेपासून एक-दोन यार्डांवर त्याच्या हातून चेंडू निसटला. क्लीव्हलंडमध्ये पराभवांना नावं असतात. याचं नाव पडलं 'द फंबल', चेंडू निसटणे. बायनर म्हणजे फंबल, असंच समीकरण झालं. प्रशिक्षकांनी पुढे समजावून सांगितलं, की ज्याने चेंडू हिसकावला त्याला अडवायचं काम दुसऱ्या एका खेळाडूचं होतं, तो दमला होता आणि जागेवर पोहोचला नाही. आणि बायनर नसता तर सामना तिथवर आलाच नसता. पण टीव्हीवर चेंडू कुणाच्या हातून पडला ते दिसतं. कोण पोहोचलं नाही ते दिसत नाही.

माझ्या कामातही हेच असतं. सिस्टिम बंद पडली की सगळे विचारतात, शेवटचं बटण कुणी दाबलं? खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या चार पायऱ्या आधी असते. गेली कित्येक वर्षं मी माझ्या टीममधल्या तरुण मुलांना हे शिकवते. शिकवताना दर वेळी मला आपलं मैदान आठवतं.

आता 'इंडियन्स' या नावाचं. ते नाव अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून ठेवलेलं, आणि टोपीवर लाल चेहऱ्याचं, दात विचकणारं एक व्यंगचित्र. दर हंगामाच्या पहिल्या सामन्याला त्या समाजाची माणसं मैदानाबाहेर फलक घेऊन उभी असायची. मी ती टोपी घालून त्यांच्या समोरून कितीतरी वेळा आत गेले. आपला संघ, आपली टोपी, एवढंच डोक्यात. पुढे २०१९ पासून ते चित्र गेलं, २०२२ पासून नावही बदललं. आता आम्ही 'गार्डियन्स'. मैदानाजवळच्या पुलावर हातात वाहनं घेतलेल्या मोठ्या दगडी मूर्ती आहेत, आपल्या देवळाच्या द्वारपालांसारख्या, त्यांच्यावरून हे नाव. काही लोक अजून जुन्या नावासाठी हळहळतात. मला मात्र कळलं, की संघ आपला असेल तर त्याची चूकही आपणच बोलून दाखवायची असते.

म्हणून आता खो-खो.

नववीत, १९९३ मध्ये, आपला मुलींचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात एका गुणाने हरला. शेवटचं आक्रमण आपलं होतं. एक गडी बाद झाला असता तर बरोबरी झाली असती. मी धावत होते. समोरची मुलगी दमलेली. मी आपल्या बसलेल्या मुलीला खो दिला, ती उठली, आणि पंचांची शिट्टी वाजली. फाऊल. तेवढ्यात समोरची निसटली आणि वेळ संपली.

सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की ती उठली आणि शिट्टी वाजली. एसटीत तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'उठाठेव'. दहावीचा निकाल लागेपर्यंत ते पुसलं नाही. पुढच्या वर्षी ती सरावाला आली नाही. सर, तुम्ही दोनदा तिच्या घरी निरोप पाठवला होता, मला आठवतं. खांबावर तिच्यासारखी दुसरी कुणी नव्हती.

फाऊल माझा होता. माझ्या तोंडून 'खो' निघाला, पण हात तिच्या पाठीला लागला नव्हता. चार बोटांचं अंतर राहिलं होतं. ती माझ्या आवाजावर विश्वास ठेवून उठली. हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. ती काही बोलली नाही. मीही नाही. 'उठाठेव' म्हणून हाक मारणाऱ्यांत एकदा मीही होते.

गेल्या रविवारी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक संपला. आपल्या मुली नेपाळला हरवून जिंकल्या, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मी इथे घरी आईबरोबर बघत होते. कॅमेऱ्यात हात कुठे आणि पाठ कुठे ते स्वच्छ दिसत होतं. आपल्या वेळी कॅमेरा नव्हता. माझं तोंड होतं, आणि ते मी एकतीस वर्षं बंद ठेवलं.

ती आज आली आहे. सकाळी झेंडावंदनाला आम्ही शेजारी उभ्या होतो. धीर झाला नाही, थंडीबद्दल बोलले. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण ते नाव सगळ्यांसमोर पडलं होतं, तेव्हा सांगायचंही सगळ्यांसमोरच, असं मला वाटलं. तिचं नाव मी घेत नाही. तिने मला माफ करावं असंही म्हणत नाही, ते तिचं ती ठरवेल.

एवढंच सांगते: तू बरोबर उठली होतीस. खो माझा चुकला होता.