बिनमोटारीची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला नाव घ्यायचे म्हटले तरी माझ्या घशाला कोरड पडते. पण सेक्रेटरीबाईंनी फर्मावले, "विलायतेला दोन महिने राहून आलीस, तर तिथले काही सांग. राजवाडा आणि घड्याळाचा मनोरा मात्र नको, ते सगळ्यांनी फोनवर पाहिले आहे." म्हणून मी सायकलीच्या वाटांविषयी सांगणार आहे. हसू नका.

आधी थोडे घरचे. माझे शिक्षण सातवीवर थांबले, हे पुष्कळजणींना ठाऊक आहे. सातवीत मी वर्गात दुसरी आले होते. पण आठवीची शाळा सहा किलोमीटरवर, आणि मधला रस्ता उसाच्या ट्रकांचा. सायकल मला येत होती. भावाच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून शिकले होते. त्याच वर्षी आमच्या भावकीतला एक मुलगा ट्रकखाली येता येता वाचला, सायकल मात्र चेपून गेली. वडील म्हणाले, "पोरीला त्या रस्त्याने मी धाडणार नाही." वडिलांचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही. भाऊ मात्र त्याच रस्त्याने दहावीपर्यंत गेला. मी पुन्हा सायकलीवर बसले ती एकदम 2024 साली, ब्रिस्टल गावी.

आमची थोरली तिथे इस्पितळात परिचारिका आहे. गाव चढउतारांचे, आमच्या दारातूनच रस्ता असा चढत होता की पिशवी घेऊन येताना मला तीनदा थांबावे लागे. एका रविवारी लेक म्हणाली, "आई, तुला सायकल येते ना?" मी म्हटले, "येत होती." तिने भाड्याच्या दोन सायकली आणल्या. पोटात गोळा आला. रस्त्यावर मोटारी सुसाट चाललेल्या. पण ती मला हाताला धरून एका पुलाखालच्या वाटेवर घेऊन गेली, आणि तिथे एकही मोटार नव्हती. डांबरी वाट, दोन्ही बाजूंना झाडी, म्हातारेकोतारे, पोरे, कुत्री, सगळे आपापल्या चालीने चाललेले. मी दोनदा कलंडले, तिसऱ्यांदा नीट बसले. लेकीने मला सायकलीवर कधी पाहिलेच नव्हते. ती मागून येत होती आणि मुकाट्याने रडत होती, हे मला नंतर कळले.

ही वाट म्हणजे जुनी आगगाडीची लाईन. ब्रिस्टल ते बाथ अशी गाडी तिथून जाई. गेल्या शतकाच्या सातव्या दशकात त्या देशाने तोट्यातल्या हजारो मैलांच्या लाईनी बंद केल्या. ह्या लाईनीवरच्या उतारूंच्या गाड्या 1966 साली थांबल्या. पुढे रूळ उचलले, जागा काटेरी झुडपांना मिळाली. 1977 साली गावातल्या काही लोकांनी एक मंडळ काढले, आणि 1979 पासून हाती फावडी घेऊन वाट करायला लागले. आपल्यासारखेच मंडळ, वर्गणी आणि श्रमदान! 1986 पर्यंत 13 मैलांची, म्हणजे 21 किलोमीटरची वाट पुरी झाली. त्याच मंडळातून पुढे सस्ट्रान्स नावाची मोठी संस्था वाढली, आणि 1995 साली सरकारी लॉटरीच्या पैशातून चार कोटींवर पौंड मिळाल्यावर देशभर वाटांचे जाळे झाले. लॉटरीचा पैसा इतका कारणी लागल्याचे मी प्रथमच ऐकले.

आगगाडीचीच जागा का, असे मी लेकीला विचारले. तर आगगाडीला चढ चढवत नाही. म्हणून जुन्या इंजिनियरांनी टेकडी आली की बोगदा खणला, दरी आली की भराव घातला किंवा पूल बांधला. देश डोंगराळ असला तरी ती वाट सपाटच राहते. माझ्यासारखीचे गुडघेसुद्धा कुरकुरले नाहीत.

पुढच्या खेपेला बाथजवळचा 13 मैलांचा फेरा केला. त्यात दोन बोगदे. मोठा, कूम डाउनचा, 1672 मीटर लांब, मैलाहून जास्त! आगगाडीच्या काळी त्यात हवा खेळायला सोय नव्हती. 1929 साली इंजिनावरची माणसे धुराने बेशुद्ध पडली, मालगाडी तशीच उतारावरून बाथच्या यार्डात जाऊन आदळली आणि माणसे मेली. लाईन 1966 ला बंद झाली. गावकऱ्यांनी खटपट करून 2013 साली बोगदा सायकलींना उघडला. आत दिवे आहेत, मध्यावर वाद्यांचे सूर ऐकू येतात. उन्हाळ्यातही आत माजघरासारखा गारवा. परत येताना कालव्याच्या काठाने आलो. पूर्वी घोडे नावा ओढत त्या वाटेने चालत. एका ठिकाणी तो कालवाच दगडी पुलावरून नदी ओलांडतो.

बाकीच्या वाटा लेकीच्या नकाशात पाहिल्या. कॉर्नवॉलला खाडीकाठची, डर्बिशरच्या चुनखडीच्या डोंगरात मॉन्सल नावाची, तिचे बोगदे 2011 साली उघडले. स्कॉटलंडात कॅट्रिन तलावाकाठी 13 मैलांचा डांबरी रस्ता आहे. त्या तलावाचे पाणी 1859 पासून ग्लासगो शहर पिते. तो रस्ता पाणीपुरवठ्याच्या कामाचा, म्हणून खासगी मोटारींना बंद आणि सायकलींना खुला.

सगळे गोडच आहे असे नाही. जाळ्यातले निम्म्याहून अधिक रस्ते मोटारींचेच होते. 2020 साली संस्थेने स्वतःच जवळजवळ चौथा हिस्सा जाळ्यातून काढला किंवा वेगळा नोंदवला, कारण तो पोरांबाळांना सुरक्षित नव्हता. आपल्याच फलकावरचे आपले नाव पुसायला धीर लागतो. आणि हिवाळ्यात चार वाजताच अंधारते, तेव्हा लेक त्या एकान्ताच्या वाटेने एकटी येत नाही, बसने येते. मोटार नाही म्हणजे माणूसही नाही, हे बायकांना सांगायला नको.

परत आल्यावर मी आपल्या कालव्यावर जाऊन पाहिले. काठचा मुरुमाचा रस्ता हायस्कुलाच्या मागून जातो, सपाट आहे, झाडे आहेत. पण दोन ठिकाणी कचरा टाकलाय आणि एका मोरीला कठडा नाही. आपल्या आळीतल्या अकरा मुली आठवीला जातात. मी घरोघर विचारून आले. त्यांपैकी सातजणींना सायकल येते आणि एकही सायकलने जात नाही.

मंडळाच्या शिलकेतून कठड्याचा अर्ज टाईप करून घेऊ, सह्या आजच गोळा करते, कागद चहाच्या टेबलावर ठेवला आहे. कचऱ्यासाठी येत्या रविवारी सकाळी सहाला फावडी घेऊन हायस्कुलामागे या. माझी सायकल जुनीच आहे, भावाकडून आणली आहे, तिची दांडी तशीच आहे.