लक्ष्मीदर्शनाचा हिशेब

मतदानाच्या आदल्या रात्रीला आपल्याकडे ‘कत्तल की रात’ म्हणतात. त्या रात्री कुठल्या गल्लीत किती वेळा लक्ष्मीदर्शन झालं, याची चर्चा दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर रंगते. वाटणाऱ्याला सगळे नावं ठेवतात. घेणाऱ्याला मात्र कुणी गुन्हेगार म्हणत नाही.

कायदा म्हणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 प्रमाणे मतासाठी पैसे देणं ही लाच, आणि घेणं हीसुद्धा लाचच. मत द्यायला घेतले काय किंवा घरी बसायला घेतले काय, फरक नाही. ग्रामपंचायत असो की लोकसभा, नियम एकच. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. लाच जेवणाच्या किंवा दारूच्या रूपात दिली तर नुसता दंड. म्हणजे ढाब्यावरच्या मटणाला कायदा पाकिटापेक्षा सौम्य! ही सगळी मांडणी 1920 सालची, इंग्रजांच्या काळातली. 2024 मध्ये नवी संहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले, निवडणूक खर्चाचा हिशेब न ठेवल्याचा दंड 500 वरून 5000 रुपयांवर गेला. लाचेची शिक्षा होती तिथेच राहिली.

पण खरा दणका आहे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात. या लाचेबद्दल दोषी ठरलेल्याला, नुसता दंड झाला तरी, सहा वर्षं लोकसभा-विधानसभेची निवडणूक लढवता येत नाही. शिवाय तितकीच वर्षं त्याचा मतदानाचा हक्कही जातो. म्हणजे पाकीट घेतलेला साधा मतदार दोषी ठरला, तर पुढची एक विधानसभा नक्कीच त्याच्या हातून गेली.

पाकिटाच्या जोडीला शपथही असते. बेलभंडारा उचलायला लावायचा, म्हणजे माणूस फिरत नाही. पण मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल, अशी भीती घालणं हा ‘गैरवाजवी दडपणा’चा वेगळा गुन्हा आहे. त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मग एवढं असून खटले उभे का राहत नाहीत? एक तर हा गुन्हा अदखलपात्र. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, आणि ती मिळेपर्यंत मतदान उरकलेलं असतं. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. भरारी पथकाने गाडीतून रोकड पकडली, तरी ती मतासाठीच होती हे सांगणार कोण? ज्याने घेतली तो. आणि त्याने तोंड उघडलं की तोच आरोपी! देणाऱ्याला याहून भक्कम संरक्षण कोणतं हवं? माझ्या मते स्वतःहून पुढे येणाऱ्या मतदाराला सवलत दिल्याशिवाय ही गाठ सुटायची नाही.

आचारसंहितेचं म्हणाल, तर ती स्वतः कायदा नाही. तिच्यातल्या ज्या गोष्टी कायद्यातही आहेत, त्यांनाच शिक्षेचा धाक आहे.

फौजदारी खटल्याशिवाय आणखी एक वाट आहे, निवडणूक याचिकेची. विलेपार्ल्याची 1987 ची पोटनिवडणूक आठवा. प्रचारात धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभूंची निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर डिसेंबर 1995 मध्ये शिक्कामोर्तब केलं. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून पाच वर्षं उलटली होती. त्याच प्रकरणात, स्वतः उमेदवार नसलेल्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला.

लोकसभा-विधानसभेसाठी अशी याचिका हरलेल्या उमेदवारानेच करावी असं नाही. त्या मतदारसंघातला कोणीही मतदार निकालापासून 45 दिवसांच्या आत, 2000 रुपये अनामत भरून, उच्च न्यायालयात ती दाखल करू शकतो. पुरावा मात्र फौजदारी खटल्याइतकाच पक्का लागतो.