धान मळणी यंत्रासाठी बदली इंजिन
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



साकोली, लाखांदूरकडे धान चुरायच्या ऐन वेळी जुने इंजिन दगा देते आणि मिळेल ते इंजिन आणून बसविले जाते. आपण दुकानात विचारता, "किती अश्वशक्तीचे?" आधी विचारावे, "फेरे किती?"

लिस्टर पद्धतीची जुनी संथ इंजिने मिनिटाला ६५० फेरे घेतात, नव्यांपैकी अनेक १५००. जुन्या इंजिनावर १४ इंची आणि ड्रमवर १५ इंची पुली असेल, तर ड्रम सुमारे ६०० फेरे घेतो. तीच १४ इंची पुली १५०० फेऱ्यांच्या इंजिनावर चढविली, की ड्रम १४०० फेरे घेणार! दाणा तुटेल ही त्यातली लहान हानी. ड्रमचे दाते निखळून माणसाच्या अंगावर येऊ शकतात. येथे इंजिनावर ६ इंची पुलीच हवी. ड्रमच्या फेऱ्यांना ड्रमच्या पुलीच्या व्यासाने गुणावे व इंजिनाच्या फेऱ्यांनी भागावे, एवढाच हिशेब.

५ अश्वशक्तीच्या विजेच्या मोटारीऐवजी इंजिन घ्यायचे तर ते ७ ते ८ अश्वशक्तीचे घ्यावे. पेंढी अडकली तर मोटार क्षणभर जादा भार ओढते, इंजिन मात्र बंद पडते.

फिरण्याची दिशाही दुकानातच पाहून घ्या. सपाट पट्ट्याला पीळ देऊन ती उलटविता येते, व्ही-पट्ट्याला तसे जमत नाही.