आपली आवड
(१९७८ च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



हुतात्मा बाबू गेनूंच्या या गावात, आपल्या महाळुंग्यात, इतक्या वर्षांनी सगळे एकत्र भेटतोय याचा आनंद फार मोठा आहे.

संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी आवडती गाणी कळवा, असं संयोजकांनी ग्रुपवर विचारलं होतं. याद्या भरपूर आल्या, पण बहुतेक सारख्याच. सध्या लग्नाच्या वरातीत जे वाजतं तेच सगळ्यांचं आवडतं! त्यावरूनच दोन शब्द बोलतो.

गाण्यांना नंबर लावायची सवय आपल्याला रेडिओनं लावली. बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवर सुरू झाली १९५२ च्या डिसेंबरात. आपल्या शाळेच्या दिवसांतही बुधवारी रात्री आठ वाजता ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओट्यावर गर्दी असायची. खरखरीतून अमीन सयानींचा आवाज यायचा आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत पहिल्या पायदानावरच्या गाण्यावरून वाद रंगायचे.

पण ते नंबर ठरायचे कसे? मुख्यतः दुकानांत रेकॉर्ड किती खपल्या त्यावरून, आणि श्रोता संघांच्या पसंतीवरून. आता सांगा, आपल्यापैकी कोणाच्या घरी रेकॉर्ड विकत आणली जायची? म्हणजे आपण ऐकत होतो, पण मोजले जात नव्हतो. ती यादी खोटी नव्हती. फक्त त्यात आपण नव्हतो.

त्याच काळात दुसरीही एक रीत होती, फर्माईशीची. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायचं. पोस्टकार्ड टाकायचं, गाण्याचं नाव लिहायचं, खाली आपलं नाव आणि गाव. इथून जवळच नारायणगाव, तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. तिथल्या फडातही रसिक उठून आपल्या पसंतीची लावणी मागायचा आणि दौलतजादा करताना त्याचं नाव पुकारलं जायचं. नंबरात माणूस गर्दीत हरवतो. फर्माईशीत तो नावानिशी उभा राहतो.

लोकप्रिय गाण्याला नावं ठेवायला मी उभा नाही. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला एक अशी गदिमा-बाबूजींच्या गीतरामायणाची ५६ गाणी झाली. महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली, आणि ती उत्तमच होती. २०१६ साली ‘सैराट’च्या गाण्यांवर मराठी न समजणारी माणसंही नाचली. मीसुद्धा पुतण्याच्या वरातीत नाचलो, गुडघे दुखेपर्यंत!

पण माझी स्वतःची आवड म्हणाल तर गौळण. पखवाज आणि टाळ लागले की माझा जीव तिथंच अडकतो. कारखान्यात नोकरीला असताना डब्याच्या सुट्टीत गुणगुणलो की सोबती हसायचे, “आले बुवा!” म्हणायचे. मी गुणगुणणं सोडलं नाही, आवाज तेवढा खाली आणला. आज माझ्या नातीला गौळण ठाऊक नाही. तिनं ती ऐकून नाकारली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. तिच्या कानावर ती पडलीच नाही. फोनवर जे जास्त वाजतं, तेच पुन्हा पुढे येतं. जे कोणी मागत नाही, ते खालीखाली जातं.

गावोगावच्या भजनी मंडळांत आज पखवाजाला बसणारा तरुण शोधावा लागतो. गाणं कोणी बंद पाडत नाही. ते मागणारा माणूस गप्प बसतो, म्हणून ते थांबतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. आज संध्याकाळी प्रत्येकानं एकच गाणं सांगायचं, स्वतःच्या मनातलं, आणि ते का आवडतं तेही. गझल असो, ओवी असो, इंग्रजी असो, हसायचं नाही. पहिला मान आपल्या गुरुजनांचा. वर्गात त्यांनी आपल्याला कविता चालीवर म्हणायला लावल्या, पण त्यांची आवड आपण कधी विचारली नाही. आणि येत्या यात्रेत डीजे लागायच्या आधी अर्धा तास भजनी मंडळाला द्यावा, ही फर्माईश आपल्या वर्गाच्या नावानं यात्रा कमिटीकडे करूया. खाली सह्या करायला मी पहिला.